समोरच्यानं फोन ठेवला, हे मशीनला कळतं कसं?

इअरफोन विसरलेल्यांसाठी आणि ऑफिसात गुपचूप वाचणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे या भागाचं शब्दांकन. जिथे मी बोलताना अडखळले तिथे वाक्यं जरा सरळ केली आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. "ताई, ते 'मराठीसाठी एक दाबा' म्हणतं ना, मी एक दाबलं हे त्याला कळतं कसं? आणि मी मधेच वैतागून फोन कट केला तर ते एकटंच बोलत बसतं का?"

पहिला प्रश्न छान आहे. दुसरा प्रश्न ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला. कारण एकदा तसं झालंय, म्हणजे ते खरोखर एकटंच बोलत बसलं होतं, रात्रभर. आणि तो प्रोग्राम मी लिहिला होता.

आजचा भाग त्याबद्दल. फोनवर बोलणारी मशीन कशी लिहितात, आणि त्यात सगळ्यात अवघड काय असतं.

चार लाईन, एक कार्ड

गोष्ट २००२ ची. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत माझी पहिली नोकरी. आम्ही आयव्हीआर बनवायचो. म्हणजे तुम्ही फोन लावता, रेकॉर्ड केलेला आवाज येतो, तुम्ही बटणं दाबता, माहिती मिळते. आज हे सगळं क्लाउडवर असतं. तेव्हा ते एका टेबलाखाली ठेवलेल्या साध्या पीसीमध्ये असायचं.

त्या पीसीत एक कार्ड बसवलेलं असायचं. ग्राफिक्स कार्ड बघितलंय ना तुम्ही? तसंच, फक्त मागच्या बाजूला टेलिफोनच्या वायरी लावायच्या जागा. आमच्याकडचं कार्ड चार लाईनचं होतं. या कार्डाची कामं दोन, आणि ती वेगवेगळी आहेत हे लक्षात ठेवा.

पहिलं काम कॉल कंट्रोल. घंटी वाजली का, फोन उचला, फोन ठेवा, नंबर फिरवा, समोरची लाईन एंगेज आहे का बघा. दुसरं काम आवाजाचं. फाईल वाजवा, समोरच्याचा आवाज रेकॉर्ड करा, त्यानं कुठलं बटण दाबलं ते ओळखा.

टेलिफोनचा आवाज डिजिटल करताना सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप ८ बिटमध्ये लिहितात. झाले सेकंदाला ६४,००० बिट. आज तुमच्या फोनला हे काहीच नाही, पण ज्या काळात ही कार्डं आली त्या काळातल्या पीसीला चार लाईनचा आवाज एकदम सांभाळायचा म्हणजे घाम फुटायचा. म्हणून कार्डावर आवाजाचं गणित करणारी वेगळी चिप असायची. या धंद्यातलं मोठं नाव म्हणजे डायलॉजिक. १९८३ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत सुरू झालेली कंपनी, १९९९ मध्ये ती इंटेलनं घेतली. मोपेडला जसं सगळे 'ल्युना' म्हणायचे, तसं आमच्या धंद्यात कुठल्याही कार्डाला 'डायलॉजिक कार्ड' म्हणायची पद्धत होती.

बटण दाबलं की काय होतं

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. फोनचं प्रत्येक बटण दाबलं की एक नाही, दोन सूर एकदम वाजतात. कीपॅडच्या प्रत्येक आडव्या ओळीला एक सूर आणि प्रत्येक उभ्या रांगेला एक. ५ घ्या. त्याच्या आडव्या ओळीचा सूर ७७० हर्ट्‌झ, उभ्या रांगेचा १३३६ हर्ट्‌झ. दोन्ही एकदम ऐकू आले तर ते ५. अमेरिकेत १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये ही बटणं लोकांच्या हातात आली, आणि ते आकडे आजपर्यंत बदललेले नाहीत.

दोन सूर का? एकच ठेवला असता तर कुणी फोनवर शीळ घातली की मशीनला बटण दाबल्यासारखं वाटलं असतं. एका माणसाच्या गळ्यातून नेमके तेच दोन सूर, एकाच ताकदीनं, पुरेसा वेळ निघणं अवघड. अवघड, पण अशक्य नाही हं! कधीकधी बोलण्यातल्या एखाद्या अक्षराला कार्ड फसतं आणि कुणी काही न दाबताच मेनू पुढे सरकतो. त्याहून गंमत म्हणजे आपणच वाजवलेली सूचना लाईनवरून थोडी परत येते आणि मशीन स्वतःच्याच आवाजाला फसतं. म्हणून परत येणारा आपला आवाज वजा करायची सोय कार्डात असते.

तेव्हा आणखी एक भानगड होती. गावाकडचे बरेच फोन पल्सवर असायचे. बटण दाबलं की सूर नाही, नुसतं कट-कट-कट. मशीनला त्यातलं काही कळायचं नाही. म्हणून आमची पहिली सूचना असायची, 'फोन टोनवर करा'. अर्धे लोक तिथेच गळायचे.

आणि तुमच्या स्मार्टफोनचं काय? मोबाईलवर बहुतेक वेळा तो सूर हवेतून जातच नाही. फोन नेटवर्कला 'पाच दाबलं' असा निरोप पाठवतो. मोबाईलवर आवाज इतका दाबून पाठवतात की दोन सुरांची त्यात नासाडी होऊ शकते, म्हणून ही वेगळी वाट. कानाला जे टूं ऐकू येतं ते तुमच्या समाधानासाठी.

एसटी स्टँडचा कंट्रोलर

आता प्रोग्राम. कॉलेजात मी जे प्रोग्राम लिहिले होते ते रेसिपीसारखे होते. आधी हे कर, मग ते कर, संपलं. फोनचा प्रोग्राम तसा लिहून चालत नाही.

कल्पना करा, तुम्ही एसटी स्टँडवरचे कंट्रोलर आहात. तुम्ही स्वतः गाडी चालवत नाही. खिडकीत बसून वाट बघता. कुठली गाडी आली, कुठली सुटली, कुठली रस्त्यात बंद पडली, आणि जे घडेल त्याप्रमाणे पुढचा हुकूम देता. प्रत्येक गाडी आत्ता कुठे आहे याची वही तुमच्यापुढे.

फोनचा प्रोग्राम म्हणजे ही खिडकी. प्रत्येक लाईनची एक अवस्था असते: रिकामी, घंटी वाजतेय, उचलली, सूचना वाजतेय, बटणाची वाट बघतोय, रेकॉर्डिंग चालू, ठेवली. आणि कार्डाकडून घटना येत राहतात: घंटी आली, फाईल वाजून संपली, बटण दाबलं, वेळ संपली, समोरच्यानं ठेवला. प्रत्येक अवस्थेत प्रत्येक घटना घडली तर काय करायचं, हे आधी ठरवावं लागतं. वहीत एक जरी चौकोन रिकामा राहिला तर तिथेच एक दिवस गाडी अडकते.

आणि कार्डाला दिलेला हुकूम ही विनंती असते बरं. तुम्ही सांगितलं, 'वाजवणं थांबव', म्हणजे ते थांबलं असं नाही. 'थांबलं' असा निरोप परत आला की मग थांबलं. तो निरोप यायच्या आधीच तुम्ही त्या लाईनला दुसरं काम दिलं की गोंधळ. नवीन पोरं हमखास इथे अडकतात. मीही अडकले.

डायलॉजिकच्या लायब्ररीत एक सुंदर कल्पना होती. वाजव, रेकॉर्ड कर, बटणं घे, असं कुठलंही काम सांगताना सोबत एक तक्ता द्यायचा: हे काम कधी संपवायचं? इतकी बटणं आली की संपव. इतके सेकंद झाले की संपव. दोन बटणांमध्ये इतका वेळ गेला की संपव. इतका वेळ शांतता राहिली की संपव. आमचे सर म्हणायचे, "सुरुवात कुणीही करतो. शेवट लिही आधी." मी मान डोलवायचे. तेव्हा समजलं नव्हतं.

ती रात्र

नाशिक जिल्ह्यातल्या एका संस्थेला कांद्याच्या भावाची फोनलाईन हवी होती. संध्याकाळी त्या दिवसाचे भाव भरायचे. शेतकऱ्यानं फोन लावायचा, बाजारपेठ निवडायची, म्हणजे लासलगावला १, पिंपळगावला २, येवल्याला ३, आणि भाव ऐकायचा. ४ दाबून निरोपही ठेवता यायचा. लाईन चार, पण नंबर एकच. पहिली लाईन एंगेज असली की एक्स्चेंज आपोआप कॉल दुसरीवर टाकायचं. याला हंटिंग म्हणतात.

आम्ही संध्याकाळी सहाला सिस्टम चालू केली. सगळं टेस्ट केलं, पेढे खाल्ले, सर रात्रीच्या गाडीनं पुण्याला परतले. मी मागे राहिले.

सकाळी आठला त्या ऑफिसात गेले तर टेबलावरचा साधा फोन वाजत होता. उचलला.

"ताई, रात्री नऊपासून लावतोय तुमचा नंबर. कधीही लावा, एंगेजच. गाडी भरून उभी आहे. लासलगावला नेऊ का पिंपळगावला, तेवढं सांगा की."

मी धावत पीसीकडे गेले. चारही लाईन व्यस्त. कॉल मात्र कुणाचाच नव्हता.

भाव मशीनच्या आत एका फाईलीत होते. मी ती उघडली आणि त्यांना वाचून दाखवले. फोन ठेवला तर पुन्हा वाजला. मग पुन्हा. दहा वाजेपर्यंत त्या मशीनचं काम मी तोंडी केलं. एका काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता ऐकून काय करू पोरी, गाडी पाचलाच गेली." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

नंतर मी निरोपांचं फोल्डर उघडलं. चार फाईली. एकेक जवळपास शंभर एमबीची. आमचं रेकॉर्डिंग दाबलेल्या स्वरूपात होतं, सेकंदाला ३,००० बाइट, म्हणजे तासाला १०.८ एमबी. हिशोब केला तर एकेक निरोप नऊ-नऊ तासांचा! लावून ऐकलं. सुरुवातीला एक माणूस म्हणतो, "हॅलो... हॅलो... कुणी आहे का?" खट्. आणि मग टूं... टूं... टूं... सकाळपर्यंत.

झालं काय होतं

साध्या दोन वायरींच्या लाईनवर एक्स्चेंजकडून ४८ व्होल्ट येत असतात. फोन उचलला की त्यातून करंट वाहतो आणि एक्स्चेंजला कळतं की फोन उचललाय. म्हणजे माझ्या बाजूचं मी ठेवलं की एक्स्चेंजला कळतं. पण समोरच्यानं ठेवला, हे एक्स्चेंजनं मला सांगायचं कसं? काही ठिकाणी एक्स्चेंज क्षणभर करंट तोडतं आणि कार्ड ते ओळखतं. आमच्या त्या लाईनवर तसं काही येत नव्हतं. तिथे यायचा फक्त एंगेज टोन. माणसाला तो ऐकून समजतं, मशीनला तो शिकवावा लागतो.

कार्ड एंगेज टोन ओळखू शकत होतं, पण अमेरिकेतला. तिकडे ४८० आणि ६२० हर्ट्‌झ असे दोन सूर, अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद. आमच्या लाईनवरचा मी रेकॉर्ड करून मोजला: एकच सूर, ४०० हर्ट्‌झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. कार्डाच्या लेखी हा कुणीतरी काढलेला एक आवाज होता, बाकी काही नाही.

रेकॉर्डिंग संपवायला मी अट काय घातली होती? 'पाच सेकंद शांतता राहिली की संपव.' पण एंगेज टोनमध्ये शांतता मिळते पाऊण सेकंदाची. पाच सेकंद कधी भरणारच नाहीत. जास्तीत जास्त किती वेळ रेकॉर्ड करायचं, ही अट मी घातलीच नव्हती. कारण कोण बोलणार एवढा वेळ?

हे टेस्टिंगमध्ये का नाही सापडलं? कारण आम्ही ऑफिसात शहाण्यासारखं टेस्ट करायचो. मेनू पूर्ण ऐकायचा, निरोप ठेवून झाला की गप्प बसायचं, शेवटी ९ दाबून बाहेर पडायचं. फोन प्रत्येक वेळी प्रोग्रामच ठेवायचा. खरा माणूस तसा वागत नाही. त्याला भाव कळला की तो ठेवतो. चुकून ४ दाबलं गेलं की तो 'हॅलो हॅलो' करतो आणि ठेवतो. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. कार्डाचंही नव्हतं. वहीतला चौकोन मी रिकामा ठेवला होता.

तीन कुलपं

दुपारपर्यंत मी तीन गोष्टी केल्या, आणि आजही फोनचा कुठलाही प्रोग्राम बघितला की आधी याच तीन शोधते.

एक, आपला एंगेज टोन कार्डाला शिकवला. सूर किती हर्ट्‌झचा, थोडं इकडेतिकडे चालेल ते किती, चालू किती वेळ, बंद किती वेळ, किती वेळा आला की खरा मानायचा. वेळ शंभरांश सेकंदात लिहायचा, म्हणजे ७५ आणि ७५. मी तीनदा आला तर खरा, असं ठेवलं. एकदाच ठेवलं असतं तर मागे वाजणाऱ्या हॉर्नलाही फसलं असतं.

दोन, प्रत्येक कामाला वेळेची मर्यादा. निरोप दोन मिनिटं. बस्स.

तीन, प्रत्येक मेनूला फेऱ्यांची मर्यादा. तीनदा विचारून काही दाबलं नाही तर 'धन्यवाद' म्हणून फोन ठेव. आधी माझा मेनू अनंत काळ विचारत राहिला असता.

पहिलं कुलूप कधीतरी फसणारच, दुसरं एक्स्चेंज बदललं की टोनही बदलू शकतो. म्हणून बाकीची दोन.

तुम्ही म्हणाल, हे जुन्या वायरींचं दुखणं. डिजिटल लाईनवर कुणी ठेवला की एक्स्चेंज स्पष्ट निरोप पाठवतं, टोन ऐकत बसायला नको. खरंय. ई-वन नावाच्या डिजिटल लाईनवर ३० कॉल एकदम चालतात आणि असे निरोप वेगळ्या वाटेनं येतात. पण तिथेही निरोप आला की तुम्ही दोन गोष्टी करायच्या असतात: कॉल तोडा, आणि मग त्या कॉलची नोंद मोकळी करा. दुसरी विसरलात की ती वाट अडकते. सकाळी ३० वाटा, दुपारी २२, संध्याकाळी ९. कुणी तक्रार करेपर्यंत समजतही नाही.

एकोणसाठ की एकोणसत्तर?

एक खास आपली अडचण सांगते. भाव बोलायचा म्हणजे आकड्यांच्या छोट्या फाईली एकापुढे एक वाजवायच्या. इंग्रजीत ९९ पर्यंतच्या आकड्यांसाठी २८ फाईली पुरतात, कारण वीसनंतर 'ट्वेंटी' आणि 'वन' जोडता येतं. मराठीत? एकवीस, बत्तीस, त्रेचाळीस, पंचेचाळीस. जोडून काही होत नाही. शून्य ते नव्याण्णव, शंभर फाईली वेगवेगळ्या. शिवाय एकशे, दोनशे, हजार, लाख.

आणि एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे खडखडणाऱ्या लाईनवर सारखेच ऐकू येतात. पुढे आम्ही भाव दोनदा सांगायला लागलो, एकदा पूर्ण आणि एकदा सुटे आकडे: 'एक, दोन, पाच, नऊ'. वर 'पुन्हा ऐकण्यासाठी ० दाबा'. चुकीचा ऐकलेला आकडा म्हणजे चुकीच्या गावाला गेलेली गाडी.

जे रोज फोन करतात ते सूचना ऐकत नाहीत, धडाधड २-१ दाबून मोकळे होतात. दाबलेली बटणं कार्ड साठवून ठेवतं, आणि ती तशी ठेवूच द्यायची. फक्त पैसे कापणं किंवा नोंद रद्द करणं अशा ठिकाणी विचारण्याआधी साठा रिकामा करायचा, म्हणजे आधीच दाबलेलं १ चुकून 'हो' होणार नाही.

मग आज काय बदललं?

पीसी वेगवान झाले आणि लोकांच्या लक्षात आलं की कार्डावर महागडी चिप हवीच कशाला, गणित पीसीच करेल. अमेरिकेत जिम डिक्सन यांनी तशी स्वस्त कार्डं बनवली, आणि मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये ॲस्टरिस्क नावाचं फुकट, खुलं सॉफ्टवेअर सुरू केलं. दोन्ही एकत्र आल्यावर हा धंदा सगळ्यांसाठी उघडा झाला. मग इंटरनेटवरून कॉल जायला लागले आणि कार्डच गेलं. आज क्लाउड टेलिफोनी कंपनी कॉल आला की तुमच्या सर्व्हरला निरोप पाठवते आणि तुम्ही 'हे वाजव, बटणाची वाट बघ' असं उत्तर देता.

खिडकी तीच. वही तीच. रिकामे चौकोनही तेच.

आणि आता बोलणारे बॉट. त्यांच्याबद्दल उत्साह आहे, मलाही आहे. पण एक लक्षात ठेवा. गुजरातमध्ये शेतकऱ्यांसाठी अशी फोनसेवा बनवताना काही संशोधकांनी तुलना केली होती: बोलून उत्तर देणं सोपं की बटण दाबून? २००९ मध्ये ते छापून आलं. बटणंच जास्त लोकांना जमली, कमी शिकलेल्यांना तर विशेष. ओळखणारं तंत्र आज खूप पुढे गेलंय, पण बटण दाबलं की नक्की काय होणार हे माणसाला माहीत असतं, ही गोष्ट तेव्हाइतकीच आजही खरी आहे. म्हणून बॉट बनवलात तरी बटणाची वाट बंद करू नका.

जाता जाता

तुमच्यापैकी कुणाला हात घालून बघायचा असेल तर जुना लॅपटॉप घ्या, त्यावर ॲस्टरिस्क टाका, मोबाईलवर एक सॉफ्टफोन ॲप घ्या आणि घरच्या वायफायवर स्वतःचा मेनू बनवा. सिमकार्ड नको, खर्च नाही.

बनवून झालं की घरातल्या सगळ्यात अधीर माणसाच्या हातात फोन द्या. आईच्या द्या, आजोबांच्या द्या. सूचना न सांगता द्या. ते मधेच ठेवतील, चुकीचं दाबतील, 'हॅलो हॅलो' करतील. ते काय करतात ते वहीत लिहून घ्या. माझी वही त्या सकाळी आठ ते दहामध्ये भरली, आणि तिची किंमत मी भरली नव्हती.

तर त्या श्रोत्याला उत्तर: तू मधेच कट केलास तरी मशीन एकटं बोलत बसत नाही. कुणीतरी तो चौकोन भरून ठेवलेला असतो, म्हणून.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटनं पाठवत राहा. दोन मिनिटांच्या आत बरं का! भेटू पुढच्या भागात.